शब्दचर्चा : सिक्युरिटायझेशन म्हणजे जप्ती का?

परभणीकर : पेपरात बँकांच्या जाहीर नोटिसा येतात. वर 'सिक्युरिटायझेशन अँड रिकन्स्ट्रक्शन...' असं लांबलचक 2002 च्या कायद्याचं नाव, खाली चतुःसीमेसकट घराचा ताबा. आमच्याकडं त्यामुळं या शब्दाचा अर्थ जप्ती असाच धरतात. मग परदेशी गुंतवणुकीच्या बातमीत तो काय करायलाय?

लातूरकर : त्या कायद्यानं वेगवेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्यात. ताबा घेतात तो थकलेल्या कर्जाच्या तारणाचा. सिक्युरिटायझेशन निराळं. फायनान्स कंपनीनं ट्रॅक्टरची कर्जं दिली, त्यांची मोट बांधून ती त्यासाठीच काढलेल्या ट्रस्टला विकली, ट्रस्टनं त्यावर रोखे काढून गुंतवणूकदारांना विकले. हप्ता मागायला बहुतेक तोच जुना माणूस दारात येतो, म्हणून शेतकऱ्याला पत्ताच लागत नाही. मी 'रोखेकरण' लिहितो. सरकारी शब्द 'प्रतिभूतीकरण', पण प्रतिभू म्हणजे जामीन राहणारा. इथं तर कर्ज देणारा अंग काढून घेतो!

नांदेडकर : पुरतं नाही काढता येत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी 24 महिन्यांपर्यंतच्या कर्जांत किमान 5 टक्के आणि त्यापुढच्या कर्जांत साधारण 10 टक्के जोखीम स्वतःकडं ठेवावी लागते. आणि रोखे न काढता कर्जं थेट दुसऱ्या बँकेला दिली, तर ते नुसतं हस्तांतर.

परभणीकर : परदेशाचं राहिलंच की.

लातूरकर : कर्जाचा रोखा झाला की पैसा सीमा ओलांडतो. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या आयकेबी बँकेनं अमेरिकेतली घरं कुठं पाहिली होती? रोख्यांवर 'ट्रिपल ए'चा, म्हणजे सगळ्यात वरच्या पतमानांकनाचा, शिक्का पाहून पैसे घातले. रोख्यांना असं गिऱ्हाईक हजर, म्हणून अमेरिकेत ऐपत न बघता कर्जं वाटली गेली. ती थकली, रोखे पडले, आणि जुलै 2007 मध्ये आयकेबीला वाचवायची वेळ आली. 9 ऑगस्टला फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेनं आपल्या तीन फंडांतून गुंतवणूकदारांना पैसे काढू देणं बंद केलं. रोखे घेणारे पळाले की नव्या कर्जांचा झराही आटतो.

नांदेडकर : आपल्याकडं परदेशी गुंतवणूकदारांना मुभा आहे, पण मोठं गिऱ्हाईक इथल्याच बँका. शेतीची, छोट्या धंद्यांची कर्जं त्यात असली तर अग्रक्रम क्षेत्राच्या, म्हणजे अशा क्षेत्रांना बँकांनी द्यायच्याच कर्जांच्या, उद्दिष्टात धरता येतात ना!

परभणीकर : तिकडचे घाबरले तर माझा हप्ता आधीच मागतील का?

लातूरकर : नाही. तुमच्या करारात लिहिलंय तेच लागू. फटका बसला तर तुमच्यामागून ट्रॅक्टर घेणाऱ्याला, कर्ज महाग होऊन. आणि वापराचं म्हणाल तर 'कंपनीनं कर्जांचं रोखेकरण केलं' बरोबर; 'माझ्या घराचं सिक्युरिटायझेशन झालं' चूक. तिथं सरळ 'बँकेनं ताबा घेतला' म्हणा.