सिस्टिक फायब्रोसिसमध्ये स्वादुपिंडाचे नेमके काय बिघडते?

प्रश्न : माझ्या सहा महिन्यांच्या भाचीला सिस्टिक फायब्रोसिस असल्याचे निदान झाले आहे. हा फुप्फुसांचा आजार असेल, तर तिची शी तेलकट का होते?

उत्तर : आजाराचे नावच स्वादुपिंडावरून पडले आहे, १९३८ साली अमेरिकी डॉक्टर डोरोथी अँडरसन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, ते या ग्रंथीतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या आणि तंतुमय व्रण पाहूनच. सीएफटीआर हे प्रथिन स्वादुपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये क्लोराइड आणि बायकार्बोनेट सोडते व त्यांच्यामागोमाग पाणी येते. या आजारात हे प्रथिन निकामी झाले की रस कमी आणि घट्ट होतो, नलिका तुंबतात, आणि आतड्यात पोहोचायची पाचक विकरे (एन्झाइम) ग्रंथीलाच इजा करू लागतात. हे पुष्कळदा जन्मापूर्वीच सुरू झालेले असते, त्यामुळे आईच्या आहाराला कृपया कोणीही दोष देऊ नये.

दुसरे उत्तर : लायपेज हे स्निग्ध पदार्थ पचवणारे विकर आतड्यात न पोहोचल्याने ते पदार्थ न पचता शीतून बाहेर पडतात, आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही नीट शोषली जात नाहीत. माझ्या मुलाला आम्ही दुधाआधी विकरांच्या कॅप्सूलमधले दाणे फळाच्या गरातून देत असू. दाणे चुरडू नयेत. हिरडीवर चिकटलेला दाणा बोटाने काढावा, नाहीतर तोंड येते.

प्रश्नकर्ती : मलातील इलॅस्टेज या स्वादुपिंडाच्या विकराची तपासणी सांगितली आहे, तिचा हेतू आता समजला.