आजोबांची डुक्कर फियाट: रंग न मारता ‘ओरिजिनल कंडिशन’चं सर्टिफिकेट मिळतं का?

मिरजेचा_सचिन:
नमस्कार मंडळी, आमच्या घरात १९५६ ची फियाट ११०० आहे, तीच आपली डुक्कर फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. आजोबांनी नवी घेतली होती तेव्हापासून घराबाहेर गेलेली नाही, नंबर अजून मुंबई राज्याच्या काळातला बीएमवाला. रंग कंपनीचा आहे, टपावर आणि बॉनेटवर उडालाय, ड्रायव्हर सीटचं रेक्झिन शिवणीत फाटलंय, पण इंजिन चालू होतं आणि स्टिअरिंग, मीटर, काचा, चाकांचे कप्स सगळं तिचंच. जुन्या गाड्यांची कामं करणारे एक जण बघून गेले, त्यांचं म्हणणं आधी पत्रा, रंग, सीटा सगळं नवं करा, त्याशिवाय आरटीओत व्हिंटेज म्हणून पास होणार नाही. घरातले पण आता त्यांच्याच बाजूने बोलायला लागलेत. मला ती आहे तशीच ठेवायचीय, आजोबांच्या हाताने झिजलेलं स्टिअरिंग बदलायला माझं मनच होत नाही. रिस्टोअर न केलेल्या गाडीला ती मूळ अवस्थेत आहे असं लिहून देणारं कोणी आहे का? आणि व्हिंटेज नोंदणी केली तर जुना नंबर जाईल का?

आरटीओ_एजंट_नाही:
सचिनभाऊ, त्यांनी सांगितलेलं उलटं आहे. २०२१ च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमात व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली, त्यात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली, आणि चासी (खालचा सांगाडा), बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली गाडी. चकचकीत पाहिजे असं त्यात कुठेही नाही. फॉर्म २० भरायचा, सोबत विमा, जुनं आरसी बुक, परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००. तपासणीला राज्याची कमिटी असते. नंबरची काळजी करू नका, आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते, ‘व्हीए’वाली नवी सिरीज नव्याने नोंदणाऱ्यांसाठी आहे.
पण एक नीट विचार करा. व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. दसऱ्याला पूजा करून घरच्यांना नरसोबाच्या वाडीला न्यायचं असेल तर साधी आरसीच रिन्यू करत राहा, पर्यावरण कर भरा, माझ्या मते तेच बरं. आणि आरटीओचा कागद म्हणजे नोंदणी, तुमची गाडी किती ओरिजिनल आहे याची प्रतवारी त्यात नसते.

जुनं_ते_लोखंड:
प्रतवारी पाहिजे तर फिव्हाचं आयडेंटिटी कार्ड बघा. फिव्हा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना, १९६६ पासूनची, ३० वर्षांच्या पुढच्या गाड्या त्यात बसतात. कार्डावर गाडी कशी जपलीय त्याचा गट लिहितात: ओरिजिनल, ऑथेंटिक, रिस्टोअर्ड, रीबिल्ट. रंग मारला की तुम्ही वरच्या गटातून आपणहून खाली उतरलात, परत वर जाता येत नाही. कार्ड जास्तीत जास्त १० वर्षं चालतं आणि मालक बदलला की संपतं. अर्ज देशातल्या संलग्न फेडरेशनमार्फत जातो.
त्याआधी कशालाही हात न लावता फोटो काढा, खालून, डिकीच्या आतून, डॅशबोर्डखालून, वायरिंगचे, काचांवरच्या मार्कचे, सगळे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर प्रत्येक पॅनलचं रीडिंग लिहून ठेवा, कंपनीचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे आकडा कितीतरी वर जातो आणि तपासणाऱ्यालाही तेच बघायचं असतं. आजोबांची पावती, जुने टॅक्सचे कागद, गाडीसोबत काढलेले लग्नातले फोटो सगळं एका फाईलला लावा, एकाच घरातली गाडी आहे हे त्यातूनच सिद्ध होतं. चासी आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट (वर कागद धरून पेन्सिल घासून उमटवलेली छाप) घेताना तिथे पॉलिश पेपर अजिबात घासू नका, गंज असेल तर तेल लावून कापडाने हळू पुसा, घासलेला नंबर दिसला की सगळ्यांना संशय येतो.

मिरजेचा_सचिन:
खूप आभार दोघांचे. चासी नंबर जुळतोय. इंजिनचा आरसी बुकातला आकडा आणि ब्लॉकवरचा आकडाही जुळला, आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. आतल्या बाजूला एका दरवाज्याचं हँडल मात्र तुटलंय, नेटवर इटलीहून मिळतंय, घेऊ का?

जुनं_ते_लोखंड:
इंजिन जुळलं ही फार मोठी गोष्ट आहे, कितीतरी डुक्कर फियाटमध्ये पुढे नंतरच्या फियाट डिलाइटचं नाहीतर प्रीमियर पद्मिनीचं इंजिन बसलंय, काहींत तर डिझेल. हँडल इटलीचं घेऊ नका. प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्यात या गाड्या आधी किटमधून जोडल्या आणि मग हळूहळू इथले भाग वाढत गेले, त्यामुळे तुमच्या गाडीला इटलीची वस्तू मूळ ठरेलच असं नाही. जुन्या बाजारात त्याच काळातल्या इथल्या गाडीचं शोधा, मिळेपर्यंत तुटलेलं चिठ्ठी लावून जपून ठेवा. रेक्झिन बदलू नका, आतून कापडाचा पट्टा लावून जुन्याच भोकातून शिवून घ्या.

न्यूजर्सी_काका:
इकडे अमेरिकेत एएसीए म्हणून १९३५ पासूनचा क्लब आहे, मुख्यालय पेनसिल्व्हेनियात हर्शीला. त्यांच्याकडे रिस्टोअर केलेल्या गाड्यांना ४०० पॉइंटांत मोजतात आणि न रिस्टोअर केलेल्यांसाठी एचपीओएफ नावाचा वेगळा वर्ग आहे, त्यात पॉइंट कापत बसत नाहीत, बाहेरचं, आतलं, चासी, इंजिन यात मूळ किती टिकलंय तेच बघतात, आणि फारच मूळ असेल तर ‘ओरिजिनल’ असा वेगळा बॅज देतात. हर्शीच्या शोमध्ये उडालेल्या रंगाच्या गाडीभोवती लोक चकाकणाऱ्या गाडीपेक्षा जास्त वेळ थांबलेले मी बघितलेत, कारण कारखान्यात ती खरी कशी बनली ते तिथेच दिसतं. आपल्याकडे कुर्ल्यातल्या अशा गाड्या फार थोड्या उरल्या असतील. घरच्यांना हे नक्की सांग बाळा.

पाना_आणि_पक्कड:
सगळं पटतंय पण ब्रेकबाबत ओरिजिनलचा हट्ट धरू नका. चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम आहेत, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचे रबर, होस पाइप, ब्रेक ऑइल सगळं नवं टाका. टायर, बॅटरी, फॅन बेल्ट, पेट्रोलचे पाइप पण. या झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या बदलल्याने मूळ रूपाला धक्का लागत नाही. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर ते काढल्याशिवाय इंजिन परत चालवू नका. खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, जिथे आरपार जाईल तेवढीच जागा जोडून घ्या, फोटो आधी आणि नंतर.

मिरजेचा_सचिन:
ठरलं मग. या रविवारी फोटो आणि ब्रेक, साधी आरसी चालूच ठेवतो आणि फिव्हाच्या अर्जाची चौकशी करतो. रंगवाल्याला आजच फोन करून नको सांगतो. कोल्हापूर सांगली भागात रंगाची जाडी मोजायचं यंत्र कोणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.