धमनीतला क्लॅमिडिया आणि पीसीआरचा गोंधळ

पीसीआर_पुराण:
हृदयविकारात धमनीच्या आत साठणाऱ्या चरबीच्या थरात, म्हणजे प्लाकमध्ये, क्लॅमिडिया न्युमोनी हा जंतू असतो म्हणतात, मला वाटतं त्यातला बराचसा लॅबमध्येच, पीसीआर करताना (डीएनएच्या कॉप्या वाढवून जंतू शोधायची टेस्ट) जन्माला येतो. 2001 मध्ये 9 लॅबना मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या प्लाकच्या नमुन्यांचा एकच संच पाठवला होता, कुणाकडे 0 टक्के पॉझिटिव्ह तर कुणाकडे 60!! धमनी तीच ना? त्यात नेस्टेड पीसीआर, म्हणजे पहिली फेरी झाली की ट्यूब उघडायची, त्यातला थेंब दुसऱ्या ट्यूबमध्ये घालायचा, आणि नेमकं तिथेच कोट्यवधी कॉप्या पिपेटला, ग्लोव्हजला, टेबलाला लागतात आणि मग पुढचा नमुनाही पॉझिटिव्ह.

स्लाइडवाली:
अहो पण 1992 लाच दक्षिण आफ्रिकेत शवविच्छेदनातल्या हृदयाच्या कोरोनरी धमन्यांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या जंतूचे नासपतीच्या आकाराचे कण दिसलेत, तिथे कुठली पिपेट? पुढे 1996 ला अमेरिकेत कोरोनरीतून जिवंत वाढवलाय. आणि जंतू प्लाकभर सारखा नसतो, एका तुकड्यात असेल, शेजारच्यात नसेल, मग निकाल वेगळे येणारच.

पीसीआर_पुराण:
तसं असतं तर ज्यांची टेस्ट जास्त सेन्सिटिव्ह त्यांना जास्त सापडला असता की, त्या 9 लॅबच्या तुलनेत तसा काही मेळच नव्हता. आणि कल्चर, म्हणजे असा जंतू जिवंत वाढवणं, किती जणांना जमलं ते पण सांगा.

कट्ट्यावरचा_डॉक्टर:
स्लाइडवाली, आयएचसीचं (अँटिबॉडीने जंतू रंगवून स्लाइडवर शोधायची पद्धत) पण काही खरं नाही हं. प्लाकमधल्या मॅक्रोफेजमध्ये (कचरा गिळणाऱ्या पेशी) सेरॉइड नावाचं चरबीचं अवशेषद्रव्य साठतं, त्याला अँटिबॉडी उगाच चिकटते आणि आपण म्हणतो, सापडला! तसंही 2005 मध्ये 4012 पेशंटना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा प्लासिबो (औषध नसलेली गोळी) दिलं, हार्टच्या त्रासात काडीचा फरक नाही. मग कशाला हा खटाटोप?

स्लाइडवाली:
गोळीने फरक पडला नाही म्हणून जंतूच नव्हता?? हे कुठलं लॉजिक! पेशीत दडून बसलेल्या क्लॅमिडियावर अँटिबायोटिक नीट चालत नाही हे लॅबमध्ये दिसलेलंच आहे. सेरॉइडचं मान्य, म्हणून तर एकट्या आयएचसीवर मी कधी हो म्हणत नाही, त्याच ब्लॉकच्या (मेणात बसवलेल्या तुकड्याच्या) शेजारच्या कापावर दुसरी पद्धत पण लागली पाहिजे.

पीसीआर_पुराण:
चालेल, पण सोबत ब्लँक (नमुना न घातलेल्या ट्यूब) किती लावले आणि त्यातले किती पॉझिटिव्ह निघाले तेही छापा, नमुन्यांच्या टेबलाशेजारीच, मग बघू किती टक्के उरतात.