वाड्यात पोरं आपोआप वाढायची म्हणे!

दुपारची_झोप:
मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय. सारांश असा, की पूर्वी वाड्यात पोरं आपोआप वाढायची, कुणाच्याही घरी जेवायची, कुणीही कान पिळायचं. आताच्या आयांना एक पोर सांभाळायला समुपदेशक लागतो. खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर दिलं असतं तर सासूबाईंच्या भिशीपर्यंत पोचलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझी आजी सदाशिव पेठेत वाड्यात राहायची. चौकात पोरं खेळायची हे खरं, पण चौकाकडे तोंड करून तांदूळ निवडत बसलेली एक तरी बाई कायम असायची. कोण हौदावर चढलंय, कुणाच्या आईला ताप आहे, म्हणून कुणाचं पान आज आपल्याकडे वाढायचं, हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात. त्या बायकांच्या लेकी-सुना आता नोकरीला जातात. त्यांच्या जागी कोण बसलं? कुणीच नाही. सल्ले मात्र तेवढेच येतात. बाळ रडलं की लिफ्टमधली अनोळखी बाईसुद्धा ‘पोट दुखत असेल, ओव्याचा शेक द्या’ सांगते. दहा मिनिटं धरते का? नाव नको.

२०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा मिळाली. बाप त्यात कुठेच नाही. केंद्र सरकारी नोकरीत त्याला १५ दिवस मिळतात, खासगीत कंपनीची मर्जी.

माझं म्हणणं एवढंच. सोसायटीचा हॉल गणपतीला आणि सर्वसाधारण सभेला उघडतो. तो रोज संध्याकाळी दोन तास उघडा. पाळीने दोन पालकांनी बसायचं, त्यातला एक बाप हवाच.

आजोबा_बाल्कनीतले:
ताई, फॉरवर्ड माझा नाही, पण अंगठा मीही दिलाय. वाड्यातच वाढलो. आमच्या आईला कुणी पाळी लावून दिली नव्हती, माणसं मनाने करत. तुम्ही मायेचं वेळापत्रक करायला निघालात.
आणि अनुभवाने सांगतो, मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. हॉल उघडून पाहिलाय. आठवड्याच्या आत पंख्याचं पातं वाकलं, भिंतीभर स्केचपेन. भरपाईचं विचारलं तर ज्यांची पोरं तेच गायब. शिवाय खेळायला आवारात जागा आहेच की.

मऊभात:
‘मनाने करत’ हे कुणाच्या मनाने हो आजोबा? माझी आई अशाच घरात सून होती. सगळ्यांच्या पोरांना जेवू घालून, झोपवून, खरकटं काढून ती तीन वाजता जेवायला बसायची, तेव्हा आमटीत फोडी उरलेल्या नसायच्या. ती आता म्हणते, मला एकदा तरी कुणी विचारलं असतं ना, तरी मी केलंच असतं. विचारलं नाही, याचा तिला अजून राग आहे.

पार्किंगपीडित:
आवारात जागा आहे?? सचिवसाहेब, कुठल्या आवारात? ४००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी ठेवायची असा नियम आहे. आमच्याकडे मंजूर नकाशात ती हिरवी रंगवलेली आहे, प्रत्यक्षात तिथे पांढरे पट्टे मारून गाड्या लावल्यात. घसरगुंडी भिंतीला टेकवून उभी. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बिल्डरला स्टिल्टचं (इमारतीखाली खांबांमधलं) आणि उघडं पार्किंग वेगळं विकता येत नाही. तरी आमच्याने विकलं, आणि लोकांनी मुकाट घेतलं.

आजोबा_बाल्कनीतले:
मी पट्टे मारलेले नाहीत. पट्टे मारा म्हणून सह्या करणारे कोण, ते ऐका. ज्यांची पोरं खेळतात तेच बाप! दुसरी गाडी घेतली, लावायची कुठे? मग सभेत ठराव. पुढच्या महिन्यात त्याच्याच पोराच्या सायकलीने शेजाऱ्याच्या गाडीवर ओरखडा ओढला, की दोघेही माझ्या दारात. ‘आवारात खेळू नये’ असा फलक लावा, ही मागणी लेखी आली होती. ती पालकाचीच.

पार्किंगपीडित:
म्हणजे तुमच्याकडेही पट्टे आहेत तर! आणि तुम्ही लावला फलक. वा!

आजोबा_बाल्कनीतले:
लावला. सचिवपद घेऊन बघा एकदा, बिनपगारी आहे.

चौथा_मजला:
पार्किंग जरा बाजूला ठेवा. वाड्याचं इतकं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. आमच्या वाड्यात सगळेच काका होते. त्यातल्या एकाबद्दल मी आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘कुठे बोलू नकोस, रोज तोंड बघायचंय त्यांचं.’ मी आठ वर्षांची होते. माझ्या लेकीला मी कुणाच्याही घरी जेवायला सोडत नाही. त्याला कुणी आधुनिक आयांची नाटकं म्हणायचं तर म्हणा. ताईंची दोन पालकांची पाळी मला पटते, कारण दोघं असतात आणि दार उघडं असतं.

बाप_माणूस:
चौथा_मजला, याच्यावर वाद नाही. फक्त दुसरी बाजू मांडतो. मी घरून काम करतो, लेकीला संध्याकाळी बागेत मीच नेतो. मी गेलो की बाकावरच्या बायका बोलायच्या थांबतात. एकीने सरळ विचारलं, ‘मम्मी कुठेय हिची?’ दुसऱ्याचं मूल पडलं तर उचलायला हात पुढे करताना दहादा विचार करतो. बाप हवा म्हणता, आला की संशयाने बघता. आता यावर ‘बिचारे पुरुष’ म्हणून टोमणे येतीलच, मारा.

मऊभात:
बिचारे पुरुष. (मागितलात म्हणून दिला.) पण मुद्दा बरोबर आहे. चार बाप रोज दिसायला लागले की पाचव्याकडे कुणी बघणार नाही. पहिल्या चौघांना सोसावं लागेल, आम्ही ऑफिसात सोसलं तसं.

लघुउद्योजक:
२६ आठवडे ऐकायला छान वाटतं. बाई कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नसेल तर तो पगार सरकार देत नाही, मालक देतो. माझ्याकडे अकरा माणसं आहेत. मुलाखतीला नवविवाहित मुलगी आली की माझ्या मनात काय येतं ते इथे लिहिलं तर तुम्ही मला फाडून खाल.

दुपारची_झोप:
लिहिलंतच की. आणि म्हणूनच बापालाही तेवढीच रजा हवी, म्हणजे मुलाखतीला नवविवाहित मुलगा आला तरी तुमच्या मनात तेच येईल.

बालाघाटचा:
तुमचा हॉल आणि पंखा तुम्हाला लखलाभ. आमच्या बीडकडं दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात साखर कारखान्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच खर्चलेली. तान्हं असलं तर फडाच्या कडंला साडीच्या झोळीत, चालतं झालं की कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला. मला आजीकडं ठेवलं म्हणून मी शिकलो. शाळेत हंगामी वसतिगृह होतं, दोन वेळचं जेवण तिथं, झोपायला आजीकडं. आजीला दिसत नव्हतं नीट, माझा अभ्यास ती पाटीवर हात फिरवून तपासायची. आईबाप यायचे मार्च-एप्रिलात. धाकटी त्यांना ओळखायची नाही, आजीच्या मागं लपायची. कुठल्या बापाला रजा मागता? आमच्यात रजा म्हणजे खाडा, खाड्याचे पैसे कापतात.

सेविकेची_लेक:
बालाघाटचा, अनुमोदन. आणि शहरातल्या मंडळींना आठवण. तुम्ही जे शोधताय ते १९४५ साली बोर्डीत सुरू झालंय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पाहिलं की गरिबांची पोरं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा. १९७५ पासून सरकारी अंगणवाडी. माझी आई तिथेच सेविका. वजन करा, खिचडी वाटा, लसीकरणाला बायांना गोळा करा, वर मोबाइलवर माहिती भरा. याचं मिळतं काय? मानधन. २०२३ च्या डिसेंबरात संपावर गेल्या, तेव्हा इथेच एका धाग्यावर ‘पोरांना उपाशी ठेवतात’ असं लिहिणारे होते. मूल सांभाळणं फार पवित्र, फक्त पगार मागू नका.

आजोबा_बाल्कनीतले:
त्या धाग्यावर मी नव्हतो, आधीच सांगतो.

दुपारची_झोप:
बालाघाटचा, तुमच्या प्रतिसादापुढे माझा हॉल फारच छोटा आहे, ठाऊक आहे. पण फडावर पाळणाघर कारखान्याने चालवावं ही मागणी आणि सोसायटीत हॉल उघडा ही मागणी एकमेकींच्या आड येत नाहीत. दोन्हीकडे अडतं तिथेच. बाई बघेल, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. सेविकेची_लेक, हॉलमध्ये रोज बसणारी बाई ठेवायची झाली तर तिला मानधन नाही, पगार द्यायचा. मेंटेनन्समधून.

आजोबा_बाल्कनीतले:
मेंटेनन्समधून! सभेत हे वाक्य बोलून दाखवा, मी चहा पाजतो. बरं, आमच्यापुरतं सांगतो. दोन बापांची नावं आणि वार लिहिलेला अर्ज आला तर किल्ली देईन. एक महिना, बघू. पंख्याचे पैसे आधी.

पार्किंगपीडित:
आणि फलक?

आजोबा_बाल्कनीतले:
फलकाचं सभेत ठरेल.

पार्किंगपीडित:
मंजूर नकाशाची प्रत महापालिकेकडून माहिती अधिकारात मागवली तर किती दिवस लागतात, कुणाला अनुभव?

दुपारची_झोप:
वेगळा धागा काढा हो कुणीतरी यांना.