भाच्याने काजूची कच्ची बी दातांनी फोडली, आता काय करू?

पणजीची_सून
सासरहून, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून काल पिशवीभर काजूच्या बिया आल्या, बोंडूपासून (काजूच्या फळापासून) नुकत्याच पिळून काढलेल्या. पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाच्याने (वय 13) त्यातली एक दातांनी फोडली. लगेच थुंकला, गिळलं काही नाही. तासभर झाला, खालचा ओठ चरचरतोय, दोन बोटं तपकिरी पडलीत. शेजारीण टूथपेस्ट लाव म्हणते, बहीण फोनवरून लिंबू चोळ म्हणते. काय करू? आणि उरलेल्या बिया गॅसवर तव्यात भाजल्या तर चालतील का?

कुळागर
टूथपेस्ट नको, लिंबू तर अजिबात नको. कातडी आधीच भाजली आहे.

डिचोलीची_मावशी
बाय, आधी हे बघ: ओठ किंवा जीभ सुजतेय का? आवाज घोगरा झालाय, श्वास लागतोय, गिळताना अडतंय? यातलं एक जरी असेल तर इथे वाचत बसू नको, 108 ला फोन कर किंवा सरळ गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ने.

तसं नसेल तर पाण्याने खळखळून चुळा भरायला लाव, गिळायचं नाही. ओठ आणि बोटं आधी कोरड्या फडक्याने टिपून घे, मग साबण लावून वाहत्या पाण्याखाली धू. काजूच्या सालीतलं तेल नुसत्या पाण्याने हलत नाही. घासायचं मात्र नाही. हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावायचं नाही, हे पोराला दहादा सांग. डोळ्यात गेलंच तर पंधरा-वीस मिनिटं नळाच्या धारेखाली डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

सालीच्या दोन थरांमध्ये हे तेल असतं, त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल. बिब्बा, आंबा, काजू सगळे एकाच कुळातले. आंब्याच्या चिकाने ज्याचं तोंड उततं, त्याने काजूच्या सालीपासून जरा लांबच राहावं. पुरळ कधीकधी एक-दोन दिवसांनी उठतं, त्यामुळे आज बरं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नको. फोड आले तर फोडायचे नाहीत. त्यातल्या पाण्याने ते पसरत नाहीत. पसरवतं ते कुठेतरी राहून गेलेलं तेल. टॉवेल, दाराची कडी आणि मुख्य म्हणजे त्याचा मोबाईल पुसून घे, तेरा वर्षांचं पोर म्हणजे तो हातातच असणार. बोटांचा डाग कातडी निघेपर्यंत राहील, त्याच्या मागे लागू नको.

पणजीची_सून
सूज नाही, श्वास ठीक आहे. चुळा झाल्या, आता हात धुतोय. मोबाईलचं बरोबर ओळखलंत. बियांचं सांगा ना.

डिचोलीची_मावशी
गॅसवर? फ्लॅटमध्ये? मुळीच नको. तेल सुटलं की भडका उडतो आणि धुराने घरभर डोळे-घसा धरतो. आमच्याकडे अंगणात, भोकं पाडलेल्या डब्यात भाजतात. पेटल्या की वर माती टाकून विझवतात, पाणी नाही. तेही वारा बघून, पोरांना लांब पिटाळून.

आता ओल्याच आहेत तर भाजी कर. हातमोजे घाल, नसतील तर हाताला खोबरेल चोळ. आदोळीवर (विळीवर) उभी चीर देऊन दोन फाका कर, काडीने गर काढ, गरम पाण्यात टाक म्हणजे आतलं साल सुटतं. गर दोनतीन पाण्यांत धुऊन घे. आदोळी भाजीला घेण्याआधी साबणाने घासायची. साली चुलीत घालायच्या नाहीत, गॅलरीत जाळायच्याही नाहीत.

कुळागर
भाजीला वेळ नसेल तर बिया कडक उन्हात सुकवून ठेवा. पावसाळ्याआधी सासरी परत पाठवा, तिथे भाजतील.

पणजीची_सून
संध्याकाळ: ओठावर बारीक पुरळ आलंय. डॉक्टरांना दाखवलं, मलम आणि खाजेची गोळी दिली. बिया खुंटीला उंच टांगल्यात.

डिचोलीची_मावशी
बरं केलंस. दोन दिवस त्याला तिखट हुमण (माशाची आमटी) वाढू नको, पेज दे.