पुणे की ठाणे? आम्हा दोघींसाठी भाड्याचं घर, सल्ला हवा

सावजी_तडका
नमस्कार मंडळी. आम्ही दोघी नागपूरच्या. मी ३४, ती ३१. सहा वर्षं एकत्र आहोत. जोडपं म्हणून, हे आधीच सांगते. नंतर विसाव्या प्रतिसादात कुणी दचकायला नको. तिची बदली होतेय, पुणे किंवा ठाणे यातलं एक निवडायचंय. माझं काम घरूनच चालतं. भाडं २० हजारांच्या वर झेपणार नाही. लिफ्ट नसली तरी चालेल. दोघींना निवांत कुठे राहता येईल?
इथली घरमालकीण "बहिणी का गं?" म्हणाली, आम्ही हो म्हटलं. मग एका रविवारी तीच माझ्यासाठी स्थळ घेऊन आली. बायोडेटा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोटोसकट.

कोथरूडकर_जुना
पुणे! विचारच करू नका. इथे समलिंगी लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट २००२ पासून आहे, पहिली प्राईड, म्हणजे आपली अभिमान पदयात्रा, २०११ च्या डिसेंबरात निघाली. विमाननगर बघा, सगळी बाहेरची तरुण मंडळी, कुणाला कुणाचं पडलेलं नाही. माझा तिथला फ्लॅट नुकताच ४२ हजारांना गेला, नाहीतर तुम्हालाच दिला असता.

लोकलग्रस्त
२०११? मुंबईत समलिंगी लोकांचं मासिक 'बॉम्बे दोस्त' १९९० ला निघालं, त्यांच्यासाठीच काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ चा. उगाच पुण्याने पहिलेपणा सांगू नये. बांद्रा घ्या. साठ हजारांत वन बीएचके झकास मिळेल.

सावजी_तडका
वीस हो. वीस.

दोघे_पेठेतले
आम्ही दोघं पुरुष, पुण्यातच. पाच घरं हातची गेली. "बॅचलर नको, पार्ट्या करता." माझं वय ४१, रात्री दहाला झोपतो. सहाव्या ठिकाणी मावसभाऊ झालो तेव्हा किल्ली मिळाली.
दोन बायकांना घर पटकन मिळतं, पण मग अख्खी सोसायटी तुमची पालक होते. कोण आलं, किती वाजता गेलं, सगळं वॉचमनच्या वहीत.
आणि खरी परीक्षा दवाखान्यात. याचं अपेंडिक्स रात्री दोनला दुखायला लागलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' हा रकाना. मी 'मित्र' लिहिलं. बाईंनी फॉर्म परत सरकवला, "घरचं कोणी बोलवा." भाऊ साताऱ्याहून येऊन सही करेपर्यंत पहाट झाली. तोवर मी पॅसेजमध्ये त्याच्या चपला हातात घेऊन उभा.

टँकरमुक्त
पुण्यात राहायचं तर आधी पाणी विचारा. आमच्याकडे रोज टँकर. बाकी सगळं नंतर.

कोथरूडकर_जुना
कोथरूडला टँकर लागत नाही.

टँकरमुक्त
कोथरूडला २० हजारांत घर पण लागत नाही.

काका_निवृत्त
राग मानू नका, पण या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? बहिणी म्हणूनच राहा. आमच्या काळी असं कुणी विचारत नव्हतं नि सांगत नव्हतं. घर मात्र मुंबईत घ्या, आमचं पुणे आता राहिलं नाही.

दोघे_पेठेतले
काका, बहीण म्हटलं की स्थळं येतात. वर वाचा.

वकीलबाई
कामाचं सांगते.
लिव्ह अँड लायसन्स करारावर दोघींची नावं घाला. एकीच्या नावावर घर आणि दुसरी पाहुणी, असं नको; उद्या खटका उडाला तर दुसरीला उभं राहायला जागा नाही. आणि करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लेखी करार नि नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे, पण टाळाटाळ तेच करतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते, त्याने घाबरू नका.
समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम २०१८ ला त्यापुरतं गेलं, पण लग्नाचा हक्क ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. म्हणजे कायद्याने तुम्ही एकमेकींच्या कुणी नाही. मात्र संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्या सूचनेची प्रत सोबत ठेवा, बँकेतल्या माणसाला बऱ्याचदा ठाऊक नसतं. मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही.

काका_निवृत्त
नॉमिनी केलं की मृत्युपत्र कशाला? पैसे नॉमिनीलाच मिळतात. मी ३४ वर्षं बँकेत होतो.

वकीलबाई
मिळतात, पण सांभाळायला. वारस मागायला आले की द्यावे लागतात.

काका_निवृत्त
आमच्या शाखेत असं कधी झालं नाही.

समुद्राकाठची
नॉमिनीपुराण वेगळ्या धाग्यावर न्या ना. सावजीताई, मुंबईत बायकांचा स्वतःचा गट आहे, लेबिया. १९९५ ला 'स्त्री संगम' नावाने सुरू झाला. बाकी बऱ्याच ठिकाणी पुरुषांचीच गर्दी, आपण कोपऱ्यात चहा धरून उभ्या. अर्थात मुंबईलाही फार डोक्यावर घेऊ नका. २०२० ला ऑगस्ट क्रांती मैदानातून निघणाऱ्या प्राईडला परवानगी मिळाली नाही, आझाद मैदानात जमावं लागलं.

लोकलग्रस्त
+१. आणि बांद्रा.

झिरो_माईल
नागपूर का सोडता? आपल्याकडे सारथी ट्रस्ट आहे, प्राईड निघते.

सावजी_तडका
प्राईडमध्येच तर भेटलो आम्ही. बदली आहे जी, हौस नाही.

सावजी_तडका
(तीन आठवड्यांनी) डोंबिवली ठरली. पूर्वेला, दुसरा मजला, १६ हजार. हो, माहितीये, सगळे लोकलच्या गर्दीवरून बोलणार. तिने एकदा ठाण्यापर्यंत जाऊन पाहिलं, ओढणी डब्यात आणि ती फलाटावर राहता राहता वाचली. तरी तीच म्हणाली, इथेच.
घर एका आजींचं, त्या खाली राहतात. या वेळी बहिणी व्हायचंच नव्हतं, म्हणून फोनवरच सांगून टाकलं. आजी गप्प. मला वाटलं ठेवला फोन. मग म्हणाल्या, "माझी नणंद आणि तिची मैत्रीण गिरगावात चाळीस वर्षं एका खोलीत राहिल्या. एकीचा डबा दुसरी भरायची." पुढे, "भाडं पाच तारखेला. आणि मटण केलंत तर खिडकी उघडी ठेवा."
वकीलबाई, करारावर दोघींची नावं आहेत. आजींनी सही करताना चष्मा दोनदा पुसला.

टँकरमुक्त
पाणी किती वाजता येतं विचारलंत का?