‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना त्रफिम आठवत नाही का?

वेंगुर्लेकर:
काल इथे एका बंधूंनी लिहिलं, "बरं करण्याचं वरदान आजही तसंच आहे. चंगाई सभेतून (प्रार्थनेने आजाऱ्यांना बरं करण्याच्या सभेतून) जो आजारीच परत जातो, त्याने आपला विश्वास तपासावा." हे वाचून गप्प बसवेना.

देव आज बरं करतो की नाही, हा माझा वाद नाही. करतो. बायबलात याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय तसं आमच्या मंडळीतले वडीलजन आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात. माझा प्रश्न आहे तो वरदान अंगी असलेल्या माणसाचा. येशूचा शिष्य पेत्र याने मंदिराच्या दारातल्या जन्मापासूनच्या पांगळ्याचा हात धरला आणि तो तिथल्या तिथे उड्या मारू लागला. तो तर भीक मागत होता, त्याचा विश्वास कोणी तपासला नाही. असं करणारा एक माणूस मला आज सावंतवाडीपासून वसईपर्यंत दाखवा.

ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, त्याच पौलाने पुढे आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारीच मागे ठेवलं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, तर "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं. या तिघांचा विश्वास कमी होता? ती चिन्हं प्रेषितांची, म्हणजे येशूने पाठवलेल्या पेत्र-पौलासारख्यांची, ओळख पटवायला होती. ओळख पटली, काम झालं.

रत्नागिरीचा सेवक:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. "येशू ख्रिस्त काल, आज व युगानुयुग सारखाच आहे." वरदानं प्रेषितांबरोबर संपली, हे कुठल्या वचनात आहे ते दाखवा.

माझा धाकटा भाऊ मिरकरवाड्याहून ट्रॉलरवर जायचा. जाळं ओढताना दोरीत सापडला आणि कंबर गेली. उठून बसता येईना. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, खर्च ऐकून आईने जेवण सोडलं. मंडळी आमच्या पडवीत जमली, पास्टरांनी त्याच्या कमरेवर हात ठेवला. तो रडायलाच लागला, म्हणाला आतून ऊब येतेय. मग भिंतीला धरून उभा राहिला. ऑपरेशन झालंच नाही आणि आज तो जाळी ओढतोय. त्याला जाऊन सांगा, प्रेषितांचा काळ संपला म्हणून.

आणि १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींवर पवित्र आत्मा उतरला. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या प्रसिद्ध जागृतीच्या एक वर्ष आधी, आपल्या महाराष्ट्रात!

वेंगुर्लेकर:
भाऊ चालतोय, प्रभूची स्तुती असो. पण कंबर विश्रांतीनेही सुटते, तेव्हा तेवढ्यावरून सिद्धांत उभा करू नका.

केडगावचंच घ्या. ज्या रमाबाईंच्या प्रार्थनेतून ती जागृती झाली, त्यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आई हयात असतानाच गेली. पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. रमाबाईंना ‘विश्वास तपासा’ म्हणायची तुमची छाती आहे?

आगाशीची लेक:
वेंगुर्लेकर, चिन्हं संपली हे तुमचं म्हणणं इतिहासात टिकत नाही. संत ऑगस्टीनही आधी तसंच म्हणत होते. मग उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप असताना त्यांनीच बरं झालेल्यांची लेखी नोंद ठेवायला लावली. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत सत्तरच्या आसपास नोंदी झाल्या. पाचवं शतक होतं ते, तेव्हा प्रेषित कुठे होते?

रत्नागिरीच्या बंधूंनाही सांगते. त्या नोंदी पहिले हुतात्मे संत स्तेफन यांच्या अवशेषांपाशी बरं झालेल्यांच्या आहेत. आम्ही कॅथलिक वांद्र्याच्या मोत मावलीला (माउंट मेरीला) मेणाचा हात, मेणाचा पाय वाहतो, तर तुमची माणसं त्याला मूर्तिपूजा म्हणतात. माझ्या आजीने गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहिला होता. शेवटपर्यंत काठी टेकतच चालली, पण तिला कोणी अविश्वासी म्हटलं नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी १८८३ पासून डॉक्टर कागदपत्रं तपासतात. हजारो दावे आले, चर्चने चमत्कार मानले ते जेमतेम सत्तर-बहात्तर. तुमच्या सभेत त्याच रात्री माईकवरून साक्ष होते, तपासतो कोण?

रत्नागिरीचा सेवक:
ताई, मेणाच्या पायाची आणि येशूच्या नावाची तुलना करू नका. वचनात मेण नाही.

आगाशीची लेक:
वचनात माईक आणि दानपेटीही नाही.

गुहागरचा मास्तर:
मी हिंदू, पण हे वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वाडीत साप चावला की अजून आधी भगताकडे नेतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारांपासून अडवणं हा गुन्हा आहे. तुमच्या सभेत औषध सोडायला सांगणाऱ्याला वेगळा न्याय का?

रत्नागिरीचा सेवक:
आमच्या पास्टरांना भगताच्या ओळीत बसवलंत! आधी माफी मागा, मग पुढे बोलू.

कुडाळची सिस्टर:
माफी राहू दे. मी वॉर्डात काम करते. चंगाई सभेहून आलेल्या एका काकांनी इन्सुलिन बंद केलं होतं. आणलं तेव्हा श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. बायको सांगत होती, "औषध घेतलं तर विश्वास नाही असं होईल, असं म्हणाले." मी स्वतः रोज प्रार्थना करून ड्युटीवर जाते. मिरजेला डॉ. वानलेसने १८९४ मध्ये इस्पितळ काढलं ते येशूच्याच नावाने. मग सुई आणि प्रार्थना यांचं वैर कोणी लावलं?

दर्याकाठचा:
सिस्टर, लोक सभेला का जातात ते बोला ना. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात फिजिशियनची जागा रिकामी. रात्री छातीत दुखलं की एकच उत्तर, गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या. माझे वडील अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत ओट्यावर बसून होते. २०१८ मध्ये गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सगळा सिंधुदुर्ग ओरडला. आपल्या आमदारांना कोणी विचारलं का?

कुडाळची सिस्टर:
ओरोसला मेडिकल कॉलेज आलंय आता.

दर्याकाठचा:
बोर्ड आला. हृदयाचा डॉक्टर रात्री दोन वाजता भेटतो का, ते सांगा. कोल्हापूर-बेळगावकडे नेताना गाडी आंबोलीच्या घाटात धुक्यात अडकली की काय होतं, ते आम्ही बघितलंय. ज्याच्या दारात डॉक्टर नाही तो पास्टरच्या दारात जाणारच, भगताच्याही जाणार.

गुहागरचा मास्तर:
हे पटलं. आमच्याकडे सापाचं इंजेक्शन प्राथमिक केंद्रात असतं, पण द्यायला डॉक्टर नसतो. पावसाळ्यात तर हमखास.

वेंगुर्लेकर:
विषय भरकटला. डॉक्टर नाही हा सरकारचा दोष. पण बरा न झालेल्या माणसाच्या डोक्यावर अविश्वासाचं पाप ठेवणं हा आपल्या मंडळ्यांचा दोष आहे आणि मला त्याचंच उत्तर हवंय. ऑगस्टीनबद्दल ताईंचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण त्यांनीही कोणाला विश्वास तपासायला सांगितलं नव्हतं.

रत्नागिरीचा सेवक:
गोळ्या-इन्सुलिन सोडा असं मी कधी म्हटलं नाही आणि आमच्या पास्टरांनीही नाही. सिस्टरनी सांगितलं तसं कोणी करत असेल तर ते चूक, तेवढं म्हणतो. देव आज माणसांच्या हातून बरं करतो, यावरून मात्र हलणार नाही.

वेंगुर्लेकर:
आणि ‘विश्वास तपासावा’ हे वाक्य?

रत्नागिरीचा सेवक:
त्या वाक्यावर विचार करतो. रमाबाईंचं नाव घेतलंत म्हणून.